एक्केचाळीस गाड्यांचे सर

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी बारा वाजून नऊ मिनिटांनी, आमच्या विद्यापीठात ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये नऊ माणसांनी एक जुनी पांढरी मोटार पुढून हातांनी उचलली आणि ओढत बाहेर आणली. मोटार बिघडलेली नव्हती. तिची चावी मालकाच्या खिशात होती आणि मालक दहा पावलांवर, मिटलेली छत्री हातात घेऊन उभे होते. ते भूगोलाचे प्राध्यापक होते. त्यांच्या निवृत्तीला एकोणीस महिने बाकी होते.

मी तेव्हा विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात होतो. त्याआधी नऊ वर्षं नांदेडच्या एका दैनिकात काम केलं होतं. त्या दिवशी वेळ लावण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून आकडे माझ्याकडे आहेत.

ग्रंथालयामागची ती जागा आयताकृती आहे. तीन बाजूंना भिंत, चौथी बाजू रस्त्याला उघडी, रस्त्यापलीकडे व्हॉलीबॉलचं मैदान. आत पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या सत्तावीस जागा होत्या आणि रोज येणाऱ्या गाड्या चाळीसच्या घरात. साडेदहाचा तास गाठायचा तर आधी दहाला आलं तरी चालायचं. मग लोक पावणेदहाला येऊ लागले, मग साडेनऊला. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक लातूरहून इतक्या लवकर यायचे की सकाळचा डबा गाडीतच उघडायचे. एका विभागप्रमुखांनी आपल्या नेहमीच्या जागेवर शिपायाकडून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सुरुवात केली. पंधरवड्यात पार्किंगमध्ये अकरा खुर्च्या झाल्या आणि परीक्षा विभागातून तक्रार आली की बसायला खुर्च्या नाहीत. हॉर्न वाजत. वर्गातली मुलं खिडकीतून बघत आणि कोण जिंकलं ते एकमेकांना सांगत.

या सगळ्या गोंधळात भूगोलाच्या सरांना एकदाही कोणाशी भांडताना कोणी पाहिलं नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते दिवसातून तीन-चार वेळा तरी कानावर पडायचं.

"जागा कमी न्हाई. इंतजाम कमी हाय."

सर अहमदपूरचे. त्यांचे वडील तिथल्या मोंढ्यात बैलगाड्या लावण्याचं काम करत. सरांनी ते मला एकदा कॅन्टीनमध्ये, बशीत चहा ओतता ओतता सांगितलं.

"बाजाराच्या दिवशी तीनशे-साडेतीनशे गाड्या यायच्या. पट्टा न्हाई, शिट्टी न्हाई. गाडी आली की बाप एकच विचारायचा, कवा निघणार? लांबच्या गावाचा माणूस लवकर निघतो, तो दाराशी. जवळचा उशिरा निघतो, तो आत. मुक्कामी असंल तर थेट भिंतीला. संध्याकाळी एक बैल मागं सारावा लागायचा न्हाई. आन् इथं पीएच.डी. झालेली माणसं एकमेकाच्या गाडीला गाडी लावून बोंबलत राहिलेत."

'कवा निघणार?' हा प्रश्न सरांनी वडिलांकडून घेतला आणि नमस्काराच्या जागी वापरला. समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसताच सरांनी विचारलं, "या, या. कितीला निघणार?" परीक्षकांना वाटलं, आपण नकोसे झालो. त्यांनी चहा न घेता परीक्षा सुरू केली आणि पाऊण तासात संपवली. ती विद्यार्थिनी आजही सरांचे आभार मानते. चाकूरला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी दारातच नवरदेवाच्या वडिलांना हाच प्रश्न विचारला. तिथे मात्र मिटवायला दोन माणसांना मधे पडावं लागलं.

पार्किंगच्या डाव्या भिंतीलगत सरांची एक ओळ होती. दोन वर्षं त्यांनी ती एकच ओळ चालवली. सकाळी सहा पन्नासला ते येत. क्रीडा विभागातून कबड्डीचं मैदान आखायची फक्की आणलेली असे. गाठी मारलेल्या दोरीने माप घेत, पांढऱ्या रेषा ओढत आणि ओळीत एकामागे एक सहा गाड्या लावून घेत. पिवळ्या पट्ट्यांच्या हिशोबात तेवढ्या जागेत चार गाड्या बसत होत्या.

नियम तीन होते. गाडी उलटी आत घ्यायची, तोंड रस्त्याकडे. "रिव्हर्स सकाळी घ्यावा. सकाळी डोकं थंड असतंय. निघताना माणसाचं तोंड घराकडं पाहिजे." दुसरा नियम, निघायची वेळ चिठ्ठीवर लिहून वायपरखाली ठेवायची. चिठ्ठ्या सर स्वतः द्यायचे, जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठीतून कापलेल्या. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा होता. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, स्टेअरिंग सरळ आणि हँडब्रेक नाही. म्हणजे आतल्याला अवेळी निघायचं झालं तर पुढच्या गाड्या हाताने ढकलून समोरच्या मैदानात नेता येतात. मालकाला वर्गातून बोलवायचं नाही.

"मालकाला बोलावलं की इंतजाम मेला," असं ते म्हणत.

सगळ्यात आत, कोपऱ्यात, सरांची स्वतःची पांढरी गाडी. ते सर्वांत आधी येत आणि सर्वांच्या नंतर जात, म्हणून ती जागा त्यांची. ती गाडी ढकलायची वेळ दोन वर्षांत एकदाही आली नाही.

लातूरचे अर्थशास्त्रवाले प्राध्यापक या ओळीत आले तेव्हा चिठ्ठीवर रोज 'पाच' लिहायचे आणि अडीचला निघायचे. सरांनी आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी त्यांना आपल्या गाडीच्या लगेच पुढे, चार गाड्यांच्या मागे लावलं. अडीचला प्राध्यापक आले.

"सर, माझी गाडी काढायची होती."

"काढू की. पाचला."

"पण मला आता जायचंय."

"मग चिठ्ठीवर आत्ता लिहायचं होतं. तुमच्याच हातचं अक्षर हाय, बघा."

प्राध्यापक पाचपर्यंत ग्रंथालयात बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. त्या वर्षी त्यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून.

चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला सर काही बोलत नसत. ते छत्री उघडून त्या गाडीशेजारी उभे राहत. मालक येईपर्यंत. एकदा एका ठेकेदाराची मोठी काळी गाडी सरांच्या ओळीच्या तोंडाशी आडवी उभी होती. सर तिच्याजवळ पावणेदोन तास उभे होते, आणि एम.ए. दुसऱ्या वर्षाचा तास त्यांनी तिथेच, मुलांना भिंतीवर बसवून घेतला. विषय मांजरा नदीचं खोरं होता. ठेकेदार आले तेव्हा सर बोनेटवर बोटाने नदीचं वळण काढून दाखवत होते.

"काय करून राहिले, मास्तर?" ठेकेदार ओरडले.

"तास घेऊन राहिलो. बसा. कितीला निघणार?"

ठेकेदार गेले आणि पुन्हा आले तेव्हा गाडी मुख्य गेटजवळच ठेवून आले.

भूगोलाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबल मांडून जमिनीचा नकाशा काढायचा असतो. सरांच्या विद्यार्थ्यांना सर्वेक्षणासाठी दरवर्षी तीच जागा मिळे. विभागाच्या कपाटात त्या पार्किंगचे इतके नकाशे आहेत की गोदावरीचे तेवढे नाहीत. एका नकाशात मुलाने विजेचा खांब अर्धा मीटर चुकवला होता. सरांनी त्याला पास केलं, पण खांबाला हात लावून यायला पाठवलं.

जुलैअखेरीस परिपत्रक निघालं. पार्किंगमध्ये सत्तावीस जागा आहेत, म्हणून सत्तावीस हिरवे स्टिकर. ते कायम प्राध्यापक आणि अधिकाऱ्यांना मिळतील. स्टिकर नसलेल्या गाड्या एका ठरावीक सोमवारपासून हायवेवरच्या मुख्य गेटबाहेर लागतील. गेटपासून ग्रंथालय दीड किलोमीटर आहे.

स्टिकर न मिळालेले तेरा जण होते. सगळे तासिका तत्त्वावर शिकवणारे. त्यांत चाकूरहून येणाऱ्या इंग्रजीच्या एक मॅडम होत्या. त्यांच्या गाडीत अहमदपूरहून आणखी तिघं बसत. साडेदहाचा तास, नंतर दुसऱ्या इमारतीत साडेबाराचा. उशीर झाला की तास नोंदला जात नसे, आणि पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही हे नोंदलेल्या तासांवर ठरत असे. परिपत्रक लागलं त्या दिवशी मॅडम नोटीस बोर्डासमोर उभ्या होत्या.

"दीड किलोमीटर मी चालंन हो," त्या म्हणाल्या. "पण रस्त्यात जरा उशीर झाला की तास गेला. पोरं तर म्हणतील, मॅडम पळून पळून इंग्लिश शिकवतात."

सरांना स्टिकर मिळाला होता. तो घेऊन ते कुलसचिवांकडे गेले. मी एका प्रसिद्धिपत्रकावर सही घ्यायला तिथेच बसलो होतो.

कुलसचिव मूळचे उदगीरचे, शांत आणि मोजकं बोलणारे. सरांनी स्टिकर टेबलावर ठेवला.

"हे काय, सर?"

"सत्तावीस चूक हाय. एक्केचाळीस बसतात."

"कशा?"

"सात ओळी, एका ओळीत सहा. बेचाळीस. एक विजेचा खांब हाय. एक्केचाळीस."

"आणि मधल्याला निघायचं झालं तर?"

"ढकलून निघतो."

"सर, एका ओळीत तुमचे ओळखीचे पाच लोक असतात. एक्केचाळीस लोक नियम पाळतील?"

"एक दिवस द्या."

"ठीक आहे. शुक्रवार. माझी गाडी सगळ्यात आत लावा. मी सांगेन तेव्हा ती पाच मिनिटांत रस्त्यावर आली पाहिजे. आली तर परिपत्रक मागे घेतो."

"चावी न वापरता," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"पुढच्या गाड्यांचे मालक बोलवायचे न्हाईत. बोलावले तर काय सिद्ध झालं? आन् पाच मिनिटांत न्हाई निघाली, तर परिपत्रक राहू द्या. माझीबी गाडी गेटबाहेर. रिटायर होईस्तोवर आत आणायचो न्हाई."

"ते मी मागितलेलं नाही, सर."

"मी सांगून राहिलो." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरवाले. वेळ तुम्ही लावा. तुमचा आकडा खरा."

शुक्रवारी सर पावणेसहालाच आले होते. मी सातला पोचलो तेव्हा सात ओळींची फक्की पडलेली होती आणि सर दोरी गुंडाळत होते. कुलसचिवांची गाडी घेऊन त्यांचे ड्रायव्हर सात पाचला आले. ती डाव्या भिंतीलगत, कोपऱ्यात लागली, म्हणजे सरांच्या नेहमीच्या जागेवर. तिच्या लगेच पुढे सरांनी आपली पांढरी गाडी लावली.

नऊनंतर गाड्यांची रांग लागली. सर रस्त्याच्या मध्यभागी उभे. "कवा निघणार?" "चार." "तिसरी ओळ." "कवा?" "एक वाजता." "पाचवी, दाराशी थांबा, अजून एक येऊ द्या." उशिरा येऊन उशिरा जाणारा माणूस त्यांना सगळ्यात अवघड. असे दोघं होते. सरांनी त्यांना आदल्या दिवशी घरी फोन करून लवकर बोलावलं होतं. मॅडम नऊ वीसला आल्या. चिठ्ठीवर वेळ लिहिता लिहिता त्यांनी विचारलं.

"सर, जमंल का?"

"न जमायला काय झालं? बैलं न्हाईत, बिथरायला कोणी न्हाई. न्यूट्रल केली का?"

"हाव."

"हँडब्रेक?"

"काढला. दोनदा बघितलं."

दहा बावीसला एक्केचाळिसावी गाडी आत गेली. ती खांबाला घासेल असं सगळ्यांना वाटत होतं. चार बोटांची जागा राहिली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर टाळ्या वाजल्या. पिवळ्या पट्ट्या गाड्यांखाली दिसेनाशा झाल्या होत्या आणि चौदा गाड्या जास्तीच्या उभ्या होत्या. सुरक्षारक्षकाने तीन वेळा मोजलं.

बाराच्या सुमारास ग्रंथालयाच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्या भरल्या. पायऱ्यांवर जागा नव्हती. बारा वाजून पाच मिनिटांनी कुलसचिव आले, गाड्यांच्या ओळींकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बारा सहाला म्हणाले, "काढा."

मी मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं.

ठरल्याप्रमाणे, जवळ असेल त्याने ढकलायचं होतं. दोन सुरक्षारक्षक, क्रीडा विभागाचे प्रशिक्षक, ग्रंथालयाचा परिचर, तीन विद्यार्थी आणि मॅडम धावले. पहिली गाडी एका धक्क्यात निघाली, रस्ता ओलांडून सरळ मैदानात गेली. एकोणतीस सेकंद. दुसरी तिच्यामागून. तिसरी अर्थशास्त्रवाल्या प्राध्यापकांची होती, महिन्यापूर्वी घेतलेली. तिच्या बोनेटवर हात ठेवून ते स्वतः उलटे धावत होते. "हळू! हळू! कागदसुद्धा निघाला न्हाई सीटचा!" वरच्या खिडक्यांतून मुलं ओरडत होती, "ढकल! ढकल!" चौथी गाडी मैदानात थांबली तेव्हा घड्याळात दोन मिनिटं सहा सेकंद होते.

उरली फक्त सरांची गाडी. आठ जण तिच्या मागे कुलसचिवांच्या गाडीला चिकटून उभे राहिले.

"हं!"

गाडी हलली नाही.

"पुन्हा. हं!"

गाडी पुढे झुकली आणि परत जागेवर आली. रक्षकाने काचेला कपाळ टेकून आत पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "ही तर गिअरमधी हाय."

ओरडणं थांबलं. सरांनी तिथल्या तिथे कारण सांगितलं: गाडीच्या हँडब्रेकची तार सात वर्षांपूर्वी तुटली होती. तेव्हापासून ते गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करत. कोपऱ्यातल्या गाडीला कोणी ढकलत नसल्याने त्यांच्या स्वतःच्याही हे लक्षात आलं नव्हतं, आणि त्या सकाळी गाडी कोपऱ्याच्या पुढे लावताना हात सवयीने गिअरवर गेला होता.

सरांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. मॅडम त्यांच्याकडे धावल्या.

"सर, चावी! चावी कुठंय?"

"हाय."

"मग द्या ना!"

"मालक वर्गात हाय."

"काय?"

"मालक वर्गात हाय असं धरा. चूक माझी. पण मालकाला बोलवायचं नसतंय."

कुलसचिव दोन पावलं पुढे आले. "सर, लावा चावी. माझी हरकत नाही."

"तुमची न्हाई. माझी हाय."

मॅडमचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "तेरा जण हाओत आम्ही, सर! तुमच्या एका हट्टापायी तेरा जणांनी गेटवरून पळत यायचं?"

"आज चावीनं काढली," सर म्हणाले, "तर मंगळवारी कोणाची गाडी अशीच गिअरमधी राहील. तवा तो माणूस परीक्षेत असंल, न्हाईतर नांदेडला गेला असंल. चावी कोण आणून देणार तुम्हाला? आजच निघाली पाहिजे. बिगर चावीची."

दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

क्रीडा प्रशिक्षक गाडीच्या मागे वाकले होते. ते एकदम उभे राहिले. "सर, हँडब्रेक तुटलाय म्हणता?"

"तुटलाय."

"मग मागची चाकं मोकळी हायत! गिअर पुढच्या चाकांना हाय. फुडून उचला रे! फुडून!"

ढकलणारे सगळे मागून पुढे धावले. अर्थशास्त्रवाले प्राध्यापक मैदानातून, आपली नवी गाडी तशीच सोडून आले. मॅडमनी पदर खोचला आणि डाव्या दिव्याखाली हात घातला. नऊ जण झाले. प्रशिक्षकांनी तीन आकडे मोजले आणि पांढऱ्या गाडीची पुढची चाकं जमिनीवरून वीतभर वर आली.

"चला! मागं मागं चला!"

ते उलट्या पावलांनी चालू लागले. मागची दोन चाकं कुरकुरत फिरली. फक्कीच्या रेषेवर पाय पडून धूळ उडाली. तीन मिनिटं चाळीसला त्यांनी गाडी एकदा टेकवली. परिचराने हात झटकले, पुन्हा घातले. पायऱ्यांवरची मुलं खाली उतरून दोन्ही बाजूंनी धावत होती, पण हात लावायला जागा नव्हती. चार मिनिटं दहाला गाडी ओळीच्या तोंडाशी होती. तिथे बंपरचा डावा कोपरा निघून मॅडमच्या हातात आला. त्यांनी तो बाजूला फेकला आणि आत, लोखंडाला धरलं.

"अजून रस्ता हाय! टेकवू नका! रस्त्यात टेकवू नका!"

कुलसचिवांचे ड्रायव्हर इंजीन सुरू करून तयार होते. पांढऱ्या गाडीची मागची चाकं रस्त्याच्या पलीकडच्या कडेवरून उतरली आणि मागून कुलसचिवांची गाडी ओळीतून सुटली, रस्त्यावर आली, उजवीकडे वळली. तिची चारही चाकं डांबरावर आली तेव्हा मी बटण दाबलं.

कुलसचिवांनी मनगटाकडे पाहिलं. "पाच," ते म्हणाले. "निघाली."

शिट्ट्या सुरू झाल्या. खिडक्यांतून कोणीतरी वहीचे कागद फेकले. अर्थशास्त्रवाले प्राध्यापक गवतावर पाठ टेकून आडवे झाले होते. मॅडम दोन्ही तळहात बघत हसत होत्या. तळहात काळे झाले होते आणि एका बोटातून रक्त येत होतं.

सर गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आले.

"पेपरवाले, तुमचं किती?"

मॅडमचं हसू थांबलं. सरांच्या पाठीमागून त्यांनी माझ्याकडे बघत मान हलवली. नको, अशी. कुलसचिवही माझ्याकडे पाहत होते. मी मोबाइल सरांपुढे धरला.

पाच मिनिटं अकरा सेकंद.

सरांनी चष्मा वर करून आकडा वाचला. "अकरा," ते म्हणाले.

"सर, माझ्या घड्याळात पाच झाली," कुलसचिव म्हणाले. "गाडी मी मागितली होती. निर्णय माझा आहे. परिपत्रक मागे."

"परिपत्रक तुमचं. ते घ्या मागं. लई उपकार होतील." सरांनी छत्री काखेत घेतली. "शब्द माझा होता."

"अहो, अकरा सेकंदांनी काय होतं?"

"चिठ्ठीवर पाच लिहून अडीचला जाणाऱ्याला मी दोन वर्षं हेच सांगून राहिलो." गवतावर आडव्या झालेल्या प्राध्यापकांनी मान उचलून पाहिलं.

मॅडम पुढे आल्या. "सर, मघाशी मी हट्ट म्हणाले..."

"हट्टच हाय तो," सर म्हणाले. "बोटाला पट्टी लावा आधी. साडेबाराला तास हाय ना तुमचा?"

दुपारी त्यांनी पांढरी गाडी सुरू केली, बंपरचा तुकडा मागच्या सीटवर टाकला आणि अहमदपूरला गेले.

शनिवारी सुधारित परिपत्रक निघालं. त्यात सात ओळी, एक्केचाळीस जागा आणि न्यूट्रलचा नियम होता. स्टिकर रद्द झाले. सोमवारी सर अहमदपूरहून पहिल्या बसने आले, सात दहाला मुख्य गेटवर उतरले आणि साडेसातला फक्कीची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये उभे होते. डाव्या भिंतीच्या कोपऱ्यातली जागा त्यांनी मॅडमना दिली आणि त्या येईपर्यंत ती ओळ मोकळी ठेवली.

पुढचे एकोणीस महिने ते एसटीने आले. यंदा त्यांच्या निरोप समारंभानंतर कुलसचिवांनी त्यांना घरी सोडायला आपली गाडी देऊ केली. गाडी दुसऱ्या ओळीत, अगदी दाराशी होती. सरांनी हात जोडले आणि शाल-नारळाची पिशवी घेऊन चालू लागले. मी, मॅडम आणि अर्थशास्त्रवाले प्राध्यापक गेटपर्यंत सोबत होतो. अहमदपूरची बस पाच बत्तीसला आली. सर चढले.